डोळ्यांखालची पेन्सिल

९ जानेवारी

ताई,

तुझा रोल पोचला. टपालात डबी थोडी चेपली होती, पण आतली फिल्म शाबूत होती. अंधाऱ्या खोलीत मी स्वतः धुतली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काही फोटो हलले आहेत आणि एकात दाजींचं डोकं कापलं गेलं आहे. ज्यांनी कुणी बटण दाबलं त्यांना सांग, श्वास रोखून दाबायचं. मी तो डबा कॅमेरा तुला दिला तेव्हा हे सांगितलं होतं, पण तू तेव्हा हसत होतीस.

सगळ्यांचा मिळून जो फोटो आहे, तू खुर्चीवर, मुंगी तुझ्या मांडीवर, मागे दाजी आणि सासूबाई, तो सगळ्यात चांगला आला आहे. त्यात एक गोष्ट तुला न विचारता केली. तुझ्या डोळ्यांखाली बरंच काळं दिसत होतं, ते काढलं. आमच्या मालकांचा नियमच आहे की डोळ्यांखालचं काळं घेऊन कुणाचाही फोटो दुकानाबाहेर पडता कामा नये.

ते कसं काढतात हे तू मागे विचारलं होतंस. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. डोळ्यांखालचं काळं तिथे काचेसारखं मोकळं दिसतं. त्यावर आधी एक पातळ रोगण लावायचं आणि मग बारीक टोकाच्या पेन्सिलीने स्वल्पविरामासारख्या रेघा भरायच्या. तेवढी जागा कागदावर उजळते. एकदा भरलं की त्या निगेटिव्हवरून कितीही प्रती काढा, सगळ्या स्वच्छ येतात. मास्तरांनी (म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हातारे) एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. निगेटिव्ह डेस्कवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर, डोकं खाली करून ठेवायची. सरळ ठेवली की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की हात अडखळतो. उलटी ठेवली की नुसते डाग दिसतात. आता मला इतकी सवय झाली आहे की दिवसभर चेहरे हाताखालून जातात आणि संध्याकाळी एकही आठवत नाही. मालक म्हणतात, हात बसला.

पण ताई, तुझं काळं भरताना मला ते तुझं आहे हे माहीत होतं, आणि ते भरायला वेळ लागला. तू झोपतेस ना? लाँड्रीत अजून पहाटेच्या पाळीला जातेस का? पत्र पोचल्याचं लगेच कळव, नाहीतर मला वाटत राहतं की हरवलं.

तुझा
भाऊ


२० जानेवारी

अरे शहाण्या,

पत्र पोचलं, फोटो पोचले, जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

फोटो बघून सासूबाई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, ही कोण बाई आमच्या मुंगीला मांडीवर घेऊन बसली आहे? मी पण नीट पाहिलं. बाई छान आहे. नाकीडोळी माझ्यासारखीच आहे. पण तिनं जन्मात कधी चादरीला इस्त्री केली असेल असं वाटत नाही. मुंगीचे बाबा तर दोन दिवस तिला शोधत होते, म्हणे कुठे राहते ही. मी म्हटलं, माझ्या भावाच्या पेन्सिलीत राहते.

पहाटेची पाळी चालू आहे. वाफेत उभं राहून डोळे असे होणारच, त्याचं काही नाही. मुंगीला सोबत घेऊन जाते. ती घडी केलेल्या टॉवेलांच्या ढिगावर झोपते. सासूबाईंचं म्हणणं असं की तू पोरीची झोप मोडतेस, म्हणून तिच्याही डोळ्यांखाली आलंय. आणि हे मात्र खरं आहे, थोडं आलंय. चार वर्षांच्या पोरीला कशाला यावं? मी म्हटलं, आपल्या आईला होतं, मला आहे, आता हिला आलं. आईनं जाताना दुसरं काही मागे ठेवलं नाही, हे तेवढं ठेवलंय.

तू दिवसभर लोकांच्या डोळ्यांखालचंच बघतोस. तर हे कशानं होतं आणि कशानं जातं, जरा विचारून कळव. पेन्सिल सोडून.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

विचारलं. ज्याला त्याला विचारलं. आमच्या बाकावर फोटोसाठी बसलेल्या बायकांना विचारलं, समोरच्या केमिस्टला विचारलं, मालकीणबाईंना विचारलं. मालक म्हणाले, आता गिऱ्हाइकांना त्यांच्या डोळ्यांबद्दल विचारलंस तर कामावरून काढीन. म्हणून थांबलो.

जे समजलं ते असं. डोळ्यांखालची कातडी सगळ्या अंगात सर्वांत पातळ असते, त्यामुळे आतलं रक्त बाहेरून निळं-काळं दिसतं. झोप कमी झाली की चेहरा फिका पडतो आणि ते जास्तच उठून दिसतं. काहींना ते घराण्यातून येतं, तसं असेल तर कितीही चोळा, जात नाही. अंगात रक्त कमी असलं तरी होतं. केमिस्टनं सांगितलं की तिची खालची पापणी हलकेच ओढून बघ, आतून लालसर आहे की पांढुरकी. पांढुरकी असेल तर दवाखान्यात दाखवून लोहाचं औषध घ्यायचं. (ओढण्याआधी हात साबणाने धू.) सारखी सर्दी असली, नाक चोंदलेलं असलं, तरी तिथलं रक्त साचून राहतं. आणि मूल डोळे चोळत असेल तर तेच कारण समजायचं, नखं कापून टाकायची.

उपाय म्हणशील तर काकडीच्या गार चकत्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायच्या. किंवा थंड दुधात बुडवलेला कापसाचा बोळा. मालकीणबाई चमचा थंड पाण्यात ठेवून तो लावतात. एका बाईंनी बटाट्याचा रस सांगितला, दुसरीनं बदामाचं तेल, तिसरी म्हणाली लिंबू. लिंबू मुळीच लावू नकोस, डोळ्यात गेलं तर काय होईल या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मास्तर म्हणाले, उभ्या हयातीत हजारो लोकांचे डोळे साफ केले आणि माझे स्वतःचे तसेच राहिले, तेव्हा मला विचारू नकोस.

माझं मत विचारशील तर आधी झोप, मग पापणी आतून बघणं, आणि मग काकडी. जे करशील त्याने काय फरक पडला ते सविस्तर लिही.

तुझा
भाऊ


२८ फेब्रुवारी

शहाण्या,

काकडी मुंगीनं खाल्ली. डोळ्यावर ठेवली की उचलून खाते. दुधाचा बोळा चोखते. चमचा तिला आवडला, पण तो लावून काही झालं नाही.

पापणी आतून पांढुरकी निघाली. इथल्या दवाखान्यातल्या बाईंनी लोहाचं औषध दिलं, जंताचं दिलं. पहाटे मी तिला घरीच सासूबाईंजवळ झोपवते. झोप भरपूर होते, उलट हल्ली जास्तच झोपते. पण काळं कमी होत नाही. आणि आता ते नुसतं खाली नाही. वरच्या पापणीलाही आलंय. निळं-जांभळं, कुणी ठोसा मारावा तसं. डावीकडे जास्त. आईचं असं नव्हतं, माझंही असं नाही. पाय दुखतात म्हणते आणि कडेवर घे म्हणते. दिवसभर उड्या मारणारी पोर, तिला मी मुंगी म्हणते ते उगाच नाही, ती आता उंबऱ्यावर बसून राहते.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. लाँड्रीतल्या मुकादमीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पोरीला घरात कोण मारतं?" मी म्हटलं कुणी नाही. त्या म्हणाल्या, सगळ्या असंच म्हणतात. आता गल्लीतही तेच चाललंय. सासूबाई मला म्हणतात तूच कधी चिडून हात उचलला असशील, आणि मुंगीच्या बाबांना लोक काय समजतात ते मी लिहीत नाही. परवा त्यांनी तिला कडेवर घेतलं तर शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

तुमच्या दुकानात मुलांचे ते डॉक्टर येतात म्हणाला होतास, ज्यांच्या घरच्यांचे फोटो तुम्ही काढता. तिकडे यायचं म्हणजे जाता-येता दोन दिवस मोडतात, आणि आत्ता सुट्टी मागितली तर मुकादमीण काय समजेल? म्हणून मी तिला खिडकीपाशी उजेडात उभी करून फोटो काढलेत. श्वास रोखून काढलेत. रोल पाठवते. तो धुऊन त्यांना दाखव. ते निकडीचं म्हणाले तर काही झालं तरी घेऊन येते.

ताई


१७ मार्च

ताई,

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रोल आला त्याच दिवशी धुतला. पण त्या आठवड्यात एका मोठ्या शाळेच्या सगळ्या मुलांचे ओळखपत्रांचे फोटो आमच्याकडे होते. अंधाऱ्या खोलीत दोऱ्यांवर जागा नव्हती, डेस्कवर गठ्ठेच्या गठ्ठे, मान वर करायला फुरसत नव्हती. आणि डॉक्टर परवाच आले.

आधी महत्त्वाचं सांगतो. घाबरण्यासारखं काही नाही.

मी मुंगीचा सगळ्यात स्पष्ट आलेला फोटो काढून ठेवला होता. तू खरंच छान काढला आहेस, एकेक केसही वेगळा दिसतो. तुझ्या पत्रावरून मला वाटलं होतं की फार भयंकर असेल, पण पाहिलं तर अगदी थोडी सावली आहे. कागदावरचे ठिपके ज्यानं भरतो तो ब्रश मी मुळीच लावला नाही, जसा निघाला तसा डॉक्टरांपुढे ठेवला. ते आधी म्हणाले, फोटोवरून मी काही सांगत नाही. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तो खिडकीपाशी नेला.

"वरच्या पापणीवर आहे का? मार बसल्यासारखं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, बहीण तसं लिहिते.

"ते ऐकलं मी. फोटोत दिसतंय का?"

मी माझं भिंग दिलं. आधी त्यांनी पाहिलं, मग मी पाहिलं. वरच्या पापण्या स्वच्छ होत्या. मी म्हणालो, नाही दिसत. तेव्हा ते म्हणाले की वर नसेल तर रक्त कमी असणं, सर्दी, चोळणं, यातलंच काहीतरी असेल. लोहाचं औषध चालू ठेवा. मूल समोर बघितल्याशिवाय खात्रीनं बोलणार नाही, तेव्हा सवडीनं एकदा आणा. डोळा पुढे आल्यासारखा वाटला तर मात्र थांबू नका.

ताई, तू लहानपणापासून अशीच आहेस. मी पडलो की आधी तूच रडायचीस. दिवसरात्र एकच गोष्ट बघत राहिलं की ती मोठी दिसायला लागते, माझंही तसं होतं. तू फोटो मुकादमीणबाईंना आणि गल्लीतल्या लोकांना दाखव. त्यात मार कुठेच दिसत नाही, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील. दोन प्रती पाठवतो.

तुझा
भाऊ


३० मार्च

शहाण्या,

फोटो मिळाले. तू एवढं केलंस, बरं वाटलं.

आल्या आल्या मी तो मुंगीच्या गालाला लावून धरला. एकदा हिच्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. मला दोन वेगळ्या मुली दिसल्या. सासूबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, उजेडाचा फरक असतो, कॅमेरा काही खोटं बोलत नाही. त्यांनी एक प्रत पदरात बांधली आणि घरोघर दाखवून आल्या. गल्ली आता गप्प आहे. मुकादमीणबाईंनी फोटो बघितला आणि माझी क्षमा मागितली. मला ती घ्यावीशी वाटली नाही, का कोण जाणे.

मग मी माझे डोळे तपासून आले. वाटलं, माझ्याच नजरेत काही बिघाड झाला असेल. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं भिंतीवरची सगळी अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, नंबर नाही, नजर चांगली आहे. मी त्याला विचारलं, नजर चांगली असून चुकीचं दिसू शकतं का? तो म्हणाला, बाई, झोप काढा.

मुंगीचे बाबा म्हणतात, मोठ्या डॉक्टरांनी पाहिलंय, आता पुरे. मेच्या सुट्टीत सवडीनं नेऊ. मी पण आता तिच्याकडे सारखं बघत नाही. बघितलं की फोटो बघते.

ताई


२६ एप्रिल

ताई,

मधे दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पहिल्यासोबत टॉनिकची बाटली होती, ती फुटली तर नाही ना? कापडात गुंडाळून दिली होती.

मुंगी खेळायला लागली का? पाय दुखायचे थांबले का? तू लिहीत नाहीस म्हणजे सगळं बरं असेल असं मास्तर म्हणतात. मला तसं वाटत नाही. तू रागावलीस तरी लिहितेस. आनंदात असलीस तरी लिहितेस. गप्प फक्त आईच्या वेळी बसली होतीस.

दोन ओळी लिही. नुसतं 'ठीक' लिहिलंस तरी चालेल.

तुझा
भाऊ


१२ मे

शहाण्या,

आम्ही मोठ्या इस्पितळात आहोत. पत्ता वर लिहिला आहे. मुंगीचा डावा डोळा पुढे आला. एका सकाळी उठली तर पापणी मिटत नव्हती. त्याच दिवशी निघालो.

तिच्या पोटात गाठ आहे. ती पोटात वाढत होती आणि तिथून हाडांत गेली, डोळ्यांच्या मागे गेली. ते निळं-जांभळं त्या गाठीचंच होतं. आत रक्त पाझरायचं आणि पापण्यांमध्ये उतरायचं. झोपेचं नव्हतं, आईकडून आलेलं नव्हतं, कुणी मारलेलंही नव्हतं. इथल्या डॉक्टर तरुण आहेत, तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी हे मला कागदावर चित्र काढून समजावलं.

त्यांनी विचारलं, डोळ्यांभोवती कधीपासून? मी म्हटलं, खाली थोडं जानेवारीपासून. फेब्रुवारी संपायच्या आत वरच्या पापण्यांवरही होतं. त्या लिहायला लागल्या तेवढ्यात सासूबाईंनी पदराची गाठ सोडून फोटो पुढे केला. त्यांना वाटलं उपयोग होईल. डॉक्टरांनी फोटोमागची तारीख वाचली, फोटो दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, यात तर काहीच नाही. म्हणजे मार्चनंतर आलंय, फार भराभर वाढलंय. मी म्हटलं, नाही हो, तेव्हाही होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईला नंतर तसं वाटतं," असं म्हणाल्या, अगदी मायेनं. आणि मार्चनंतर असंच लिहिलं.

तू माझं एकच काम कर. तुझ्याकडे ती निगेटिव्ह असेल. ती बघ. मला काय दिसत होतं आणि काय नव्हतं, मला आता काही ठरवता येत नाही. मला वेड लागलं होतं का, एवढंच सांग.

ताई


१९ मे

ताई,

तुला वेड लागलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी निगेटिव्हचं पाकीट काढलं. ती तिरकी करून खिडकीच्या उजेडात धरली. सरळ समोर धरली तर दिसत नाही, तिरकी धरली की पेन्सिलीचं शिसं चमकतं. दोन्ही डोळ्यांखाली चमकलं. दोन्ही वरच्या पापण्यांवरही चमकलं. बारीक, वाकड्या, स्वल्पविरामासारख्या रेघा, डावीकडून उजवीकडे. आमच्या दुकानात मास्तर उजवीकडून डावीकडे भरतात. डावीकडून उजवीकडे फक्त मी भरतो.

मी केलं. कधी केलं ते मला आठवत नाही, हे मी शपथेवर सांगतो, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. तुझा रोल वाळला तेव्हा तो शाळेच्या मुलांच्या गठ्ठ्यात गेला असणार. डेस्कवर उलटी ठेवली असणार. मला मोकळी जागा दिसली आणि मी ती भरली. ती मुंगी आहे हे मला दिसलं नाही. मी कागदाला ब्रश लावला नाही म्हणून तुला छातीठोकपणे लिहिलं, आणि त्याखाली माझीच पेन्सिल होती. डॉक्टरांनी विचारलं, वरच्या पापणीवर आहे का, तेव्हा मीच भिंगातून बघून नाही म्हणालो. तुझं पत्र माझ्या दुसऱ्या हातात होतं, त्यात लिहिलेलं होतं. मी तुझ्या पत्रापेक्षा माझ्या कामावर जास्त विश्वास ठेवला.

टर्पेंटाइनच्या बोळ्यानं रोगण पुसलं की पेन्सिल निघून जाते. ती पुसली आणि लगेच प्रत काढली. औषधाच्या पाण्यात कागद पडला आणि चेहरा वर यायला लागला, त्यात डोळे सगळ्यात आधी आले. तू लिहिलं होतंस तसंच आहे. निळं-जांभळं कागदावर काळंच येतं, पण वर, खाली, डावीकडे जास्त, शब्दन् शब्द तसंच.

मी तो घेऊन आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. जुना आणि नवा शेजारी ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. ते काही ओरडले नाहीत. म्हणाले, हा दाखवला असतास तर मी त्याच दिवशी बोलावलं असतं. मग त्यांनी तुझ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. ती आणि नवी प्रत यासोबत आहे. ती त्यांना दे आणि त्यांनी जे लिहिलं आहे ते बदलून घे. तू जे सांगितलंस ते खरं होतं, हे तिथे लिहिलेलं असायला हवं.

हे सगळं मास्तरांना माहीत आहे. मालकांनाही सांगितलं. दाजींना आणि सासूबाईंना तू सांग, किंवा मला सांगायला सांग. तू बोलावलंस तर मी निघतो. न बोलावता यायची माझी छाती होत नाही.

भाऊ


२ जुलै

मुंगी गेली. जून संपायच्या आत.

तुझं पत्र आलं तेव्हा ती जागी होती. मामाचं पत्र वाच म्हणाली. मी मनातल्या मनात वाचलं आणि तिला सांगितलं, मामा म्हणतो की काकडी डोळ्यावर ठेवायची असते, खायची नसते. ती हसली. तेव्हा अजून हसत होती.

फोटो आणि चिठ्ठी डॉक्टरबाईंना दिली. हाही फोटो त्यांनी दिव्याखाली धरला. जुनं खोडलं, नवं लिहिलं, खाली सही केली आणि माझी माफी मागितली. मी विचारलं, मार्चमध्ये आणली असती तर? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." त्यांना खरंच माहीत नव्हतं की मला सांगायचं नव्हतं, हे मी अजून ठरवते आहे. तू मात्र त्याचं उत्तर काढत बसू नकोस. ते तुला मिळणार नाही, आणि मिळालं तर मला कळवू नकोस.

मुंगीच्या बाबांना सांगितलं आहे.  सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी तो स्वच्छ फोटो भिंतीला लावला आहे आणि रोज पुसतात. लावू दे. त्यांची नात तशीच होती असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

मी तुला ये म्हणाले नाही, कारण तू आला असतास तर मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं. येऊ नको असंही म्हणाले नाही. पुढे कधीतरी म्हणेन, कोणतं ते आत्ता सांगता येत नाही.

पण मला एक फोटो हवा आहे. जानेवारीतला, सगळ्यांचा. तोच एक आहे ज्यात ती माझ्या मांडीवर आहे. परवा मी तो काढून पाहिला. ती अशी आरामात रेलून बसली आहे, आणि तिच्यामागे ती बाई आहे. झोप झालेली, गोरीगोमटी, काही न झालेली. माझ्या पोरीला मांडीवर घेऊन. मी तेव्हा हसले होते. आता मला ती बाई तिथे सहन होत नाही.

तिला काढ. तिथे मला बसव. मी जशी होते तशी.

ताई


१५ जुलै

ताई,

फोटो पाठवतो आहे. मोठा केला आहे. दुमडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला आहे, दोरी कापताना जपून काप.

जानेवारीतल्या निगेटिव्हवरचं रोगण पुसलं. तुझ्या डोळ्यांखालचं सगळं परत आलं आहे. तू तिथे आहेस, पहाटेच्या पाळीवरून आलेली, जशी होतीस तशी.

आणखी एक आहे आणि ते तुला कळवायलाच हवं. बोळा तुझ्यावरून फिरवताना मुंगीच्या डाव्या डोळ्याखालून पण शिसं निघालं. थोडंच होतं. वर नव्हतं, फक्त खाली, दोन-चार रेघा. जानेवारीत तुझं काढताना मी तिचंही काढलं होतं. तुझं काढलं ते आठवत होतं, तिचं आठवत नव्हतं. तुला फोटोत ते दिसेल. मी सांगितलं नसतं तर तुला वाटलं असतं की सावली आहे, आणि तू पुन्हा डोळे तपासायला गेली असतीस.

मालकांना सांगून मी डेस्क सोडला आहे. आता फक्त अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतो. माझ्या जागी दुसरा कुणीतरी येईल, त्याचाही हात बसेल.

या फोटोला मी पेन्सिल, ब्रश, काहीही लावलेलं नाही. हे वाक्य मी आधी एकदा लिहिलं होतं, त्यामुळे तू विश्वास ठेवावास असं म्हणत नाही. निगेटिव्हही सोबत पाठवतो. तिरकी धरून तूच बघ.

पाकीट बंद करण्याआधी फोटो सरळ धरला. तुझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

भाऊ